छापली किती, विकली किती, लागली कुणाला? : राज्य लॉटरी चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. वित्त सचिव, लॉटरी संचालक व आयुक्त,
राज्य लॉटरी चालवणारी सर्व राज्य सरकारे

विषय : प्रत्येक सोडतीच्या तिकीटविक्रीच्या आणि बक्षीसवाटपाच्या नोंदी जनतेसाठी खुल्या करण्याबाबत

सन्माननीय महोदय, महोदया,

मी तीस वर्षं लेखापरीक्षणाचं काम केलं. पतसंस्था, दूध संस्था, शाळा चालवणारी मंडळं, छोटे-मोठे ट्रस्ट. पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांनी जे शिकवलं ते अजून हातात बसलेलं आहे : रोकडवही मागाहून बघायची, आधी पावतीपुस्तकं मागायची. छापून किती आली, प्रेसचं बिल किती पुस्तकांचं आहे, कुणाला कितव्या नंबरापासून कितव्या नंबरापर्यंत दिली, किती पावत्या फाटल्या आणि किती कोऱ्या परत आल्या. मग एकेक स्थळप्रत उलटायची. पावती रद्द केलेली असेल तर तिच्या दोन्ही प्रती पुस्तकातच हव्यात, वर आडवं ‘रद्द’ लिहिलेलं हवं. एक कोरी पावती जरी सापडली नाही तरी मी पुढच्या पानावर जात नसे, कारण कोऱ्या पावतीवर उद्या कुणीही काहीही लिहू शकतं.

लॉटरीचं तिकीट हीसुद्धा पावतीच आहे, हे मला निवृत्तीनंतर कळलं. आमच्या इमारतीचे रात्रपाळीचे वॉचमन तिकीट मोबाइलच्या कव्हरमागे घडी घालून ठेवतात. एकदा सकाळी दूध घ्यायला खाली गेले, तर ते मोबाइलवर निकाल लावून बसले होते आणि तिकीट मांडीवर पसरलेलं होतं. शेवटचे दोन आकडे जुळत होते, बाकीचे नाही. मी तिकीट हातात घेऊन पाहिलं. राज्याचं बोधचिन्ह, मालिका, नंबर, सोडतीची तारीख आणि वेळ, छापील सही, बारकोड. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत नियम, घडीच्या जागी पुसट झालेले. त्यांनी मला सरळ विचारलं, “ताई, पहिलं बक्षीस ज्या नंबराला लागलं, ते तिकीट कुणाकडं होतं? का कुणाकडंच नव्हतं?”

मला उत्तर देता आलं नाही. निकालपत्रकात नंबर होता. ते तिकीट विकलं गेलं होतं की वितरकाच्या गठ्ठ्यात पडून होतं, कोणत्या जिल्ह्यात खपलं, बक्षिसाचे पैसे कुणी नेले की नेलेच नाहीत, यातलं काहीच नव्हतं. हे पत्र त्या प्रश्नासाठी आहे.

निकाल आपण वेळेवर लावता, हे मी मान्य करते. पंच बसवून, लोकांसमोर सोडती होतात. पण सोडत हा हिशेबाचा शेवटचा टप्पा झाला. त्याच्या आधी तिकीट छापखान्यातून निघून वितरक, स्टॉकिस्ट, विक्रेता असा प्रवास करतं आणि नंतर बक्षिसाचा दावा येतो, कर कापला जातो, रक्कम दिली जाते किंवा मुदत संपते. त्या सगळ्या वाटेवर सामान्य माणसाला एकही खिडकी नाही.

साधा हिशेब मांडते. समजा, एका सोडतीसाठी दहा लाख तिकिटं छापली आणि चार लाख खपली. सोडत छापलेल्या सगळ्या नंबरांतून काढली, तर पहिलं बक्षीस न विकलेल्या तिकिटाला लागण्याची शक्यता दहात सहा. ते तिकीट सोडतीआधी सरकारकडे परत आलेलं असेल, तर बक्षिसाची रक्कम तिजोरीतच राहिली. ठीक आहे, निदान जनतेच्या कामी येईल. पण त्या क्षणी ते वितरकाच्या ताब्यात असेल तर? आणि दुपारी निकाल लागल्यावर ‘हे तिकीट सकाळीच विकलं होतं’ असं कुणी सांगितलं, तर ते खोटं पाडायला काय आहे? काही सोडतींची जाहिरात ‘पहिलं बक्षीस विक्री झालेल्या तिकिटांतूनच’ अशी असते. वचन फार चांगलं आहे. पण विकलेली तिकिटं कोणती हे आम्हाला माहीत नसेल, तर ते वचन पाळलं गेलं की नाही हे आम्ही कशावरून ठरवायचं?

पावतीपुस्तकाचा नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो. कोऱ्या पावत्या आधी मोजून बाद करायच्या, मग हिशेब. न विकलेल्या तिकिटांचे नंबर सोडत सुरू होण्याआधी जाहीर झाले, तर निम्मे प्रश्न जागच्या जागी मिटतील. संगणकाच्या या काळात बारकोड असलेल्या तिकिटांची अशी यादी तयार करणं अवघड आहे, असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

मी नवीन काही मागत नाही. लॉटरी (विनियमन) अधिनियम, १९९८ मधलं कलम ४ आपल्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. तिकिटावर राज्याची छाप आणि बोधचिन्ह हवं, तिकिटं राज्यानं स्वतः किंवा वितरक-विक्रेत्यांमार्फत विकावीत, विक्रीची रक्कम राज्याच्या लोकलेख्यात, म्हणजे सरकारी खात्यात, जमा व्हावी, सोडत राज्यानंच काढावी, दावा न केलेल्या बक्षिसांची रक्कम सरकारची व्हावी. याच कायद्याखालच्या २०१० च्या नियमांनी पुढचं पाऊल टाकलं. छापलेली तिकिटं, विक्रीला दिलेली, विकली गेलेली, सोडतीच्या वेळी शिल्लक राहिलेली आणि बक्षीस लागलेली तिकिटं रकमेसह, अशी प्रत्येक सोडतीची नोंद ठेवायला आपल्याला सांगितलेलं आहे. वितरकानं न विकलेली तिकिटं हिशेबासह परत करायची आहेत. म्हणजे मी ज्याला साठा रजिस्टर म्हणते ते आपल्याकडे असलंच पाहिजे. ते जनतेसमोर ठेवा, एवढीच मागणी आहे.

शिवाय हेच आकडे वेगवेगळ्या खात्यांकडे जातातच. एका बक्षिसाची रक्कम दहा हजार रुपयांच्या वर गेली की ३० टक्के आयकर कापून उरलेली रक्कम दिली जाते. म्हणजे कुणाला किती मिळालं याची नोंद झाली. तिकिटांवर जीएसटी आहे, २०२० च्या मार्चपासून २८ टक्के आणि २०२५ च्या सप्टेंबरपासून ४० टक्के. म्हणजे खपाची नोंद झाली. कर घेणाऱ्याला आकडा कळतो, वितरकाला कळतो, आपल्याला कळतो. ज्याच्या खिशातून पैसे निघतात त्याला तेवढा कळत नाही.

गेल्या वर्षी मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. कोणत्या राज्यात ते इथे लिहीत नाही, कारण हे पत्र एका कार्यालयाविरुद्ध नाही. मी एकाच सोडतीचे पाच आकडे मागितले होते : छापलेली, विक्रीला दिलेली, विकलेली, परत आलेली तिकिटं आणि एकूण वाटलेली बक्षिसाची रक्कम. नावं मागितली नव्हती. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं, तारीख आणि सोडत क्रमांक लिहिला. तीस दिवस पुरे व्हायच्या आत उत्तर आलं, त्याबद्दल त्या जन माहिती अधिकाऱ्यांची मी आभारी आहे. उत्तर दोन ओळींचं होतं : माहिती त्रयस्थ पक्षाशी आणि वाणिज्यिक विश्वासार्हतेशी संबंधित असल्यानं कलम ८(१)(घ) अन्वये देता येत नाही.

या दोन ओळींवर मी बरेच दिवस विचार केला. तिकीट राज्याचं, बोधचिन्ह राज्याचं, पैसा राज्याच्या लोकलेख्यातला, सोडत राज्यानं काढलेली. यात त्रयस्थ कोण? वितरक हा राज्याचा माल विकणारा माणूस आहे. त्याच्या इतर धंद्याची गुपितं त्यानं खुशाल जपावीत. पण त्यानं राज्याची किती तिकिटं विकली हा आकडा राज्याचा आहे. शिवाय व्यापारी गुपित उघड झालं तर कुणाचं तरी नुकसान व्हायला हवं. सोडत होऊन गेल्यावर तिकीट रद्दीत जातं. संपलेल्या सोडतीचा खप कळल्यानं कोणता प्रतिस्पर्धी काय हिरावून नेणार? माहिती अधिकाराच्या त्याच कायद्यात मोठ्या जनहितासाठी अशी माहिती देता येते असंही म्हटलं आहे, आणि कलम १० सांगतं की न देण्याजोगा भाग वगळून उरलेली माहिती द्यावी. कलम ४(१)(ख) तर अर्जाची वाट न बघता स्वतःहून काय काय जाहीर करायचं ते सांगतं.

परदेशातली काही उदाहरणं इथे मुद्दाम देते. आपल्याकडे तसंच घडतंय असा आरोप माझा नाही. नोंदी बघायला मिळाल्या तिथे काय काय उजेडात आलं, एवढंच दाखवायचं आहे.

कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात २००१ साली एका वृद्ध गिऱ्हाइकानं आपलं तिकीट नेहमीच्या दुकानात तपासायला दिलं. अडीच लाख डॉलरचं बक्षीस लागलेलं ते तिकीट दुकानवाल्यांनीच आपल्या नावावर वटवलं. माणूस भांडत राहिला. २००६ मध्ये तिथल्या सार्वजनिक वाहिनीनं हे प्रकरण हाती घेतलं आणि टोरांटो विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ जेफ्री रोझेंथाल यांनी मोठ्या बक्षिसांचे आकडे तपासले. तिकीट विकणाऱ्यांना साधारण ५७ मोठी बक्षिसं लागणं नशिबाच्या हिशेबात बसत होतं. प्रत्यक्षात ती दोनशेच्या आसपास होती. २००७ मध्ये तिथले लोकपाल आंद्रे मॅरिन यांचा अहवाल आला आणि तिकीट तपासण्याची पद्धत बदलावी लागली. गिऱ्हाइकाला स्वतः तिकीट तपासता येईल अशी यंत्रं आली, तिकिटावर सही करण्याचा आग्रह सुरू झाला. एकेका दुकानात बघून हे कधीच कळलं नसतं. सगळी बक्षिसं एका कागदावर आल्यावर कळलं.

अमेरिकेत आयोवा राज्यात डिसेंबर २०१० मध्ये एक मोठं बक्षीस लागलं आणि वर्षभर दावाच आला नाही. मुदत संपायला काही तास उरले असताना बेलीझ या छोट्या देशातल्या एका ट्रस्टच्या वतीनं वकील तिकीट घेऊन हजर झाला. तिथे विजेत्याची ओळख उघड करावी लागते. ती सांगायला कुणी तयार होईना, दावा मागे घेतला गेला आणि तपास सुरू झाला. शेवटी तिकीट घेणारा निघाला अनेक राज्यांच्या लॉटरी संघटनेचाच माहिती सुरक्षा संचालक. ठरावीक दिवशी नंबर आधी ओळखता येतील असा फेरफार त्यानं सोडतीच्या संगणकात केला होता, आणि तोही एकाच राज्यापुरता नव्हता. सुरक्षेसाठी नेमलेला माणूस आतून चोरी करत होता आणि तो सापडला तो एका नियमामुळे : पैसे कुणाला मिळणार हे सांगावं लागेल.

मॅसॅच्युसेट्समध्ये एक बाप आणि त्याची दोन मुलं यांनी २०११ ते २०१९ या काळात चौदा हजारांहून जास्त बक्षिसपात्र तिकिटं वटवली, दोन कोटी डॉलरच्या वर. नशिबाचा त्यात काही भाग नव्हता. ज्यांना स्वतःच्या नावावर बक्षीस नको होतं अशांकडून ते कमी पैशांत तिकिटं विकत घेत आणि आपल्या नावावर दावा करत, म्हणजे खऱ्या विजेत्याचा कर आणि देणी चुकत. तिघेही दोषी ठरले. या प्रकाराबद्दल मात्र आपल्याकडेही काळजी वाटायला हवी. लागलेलं तिकीट जास्त रोख मोजून विकत घेतलं की काळ्या पैशाला ‘बक्षीस’ असं नाव देता येतं, हे लेखापरीक्षण करणाऱ्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. एकाच नावावर वारंवार दावे येतात का, हा आकडा खुला असेल तर असा व्यवहार करणाऱ्याला दहा वेळा विचार करावा लागेल.

आणि एक उदाहरण आपल्याच देशातलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले आणि मार्चमध्ये निवडणूक आयोगानं याद्या जाहीर केल्या. सर्वात जास्त रोखे घेणारी निघाली फ्युचर गेमिंग अँड हॉटेल सर्व्हिसेस ही लॉटरी वितरण करणारी कंपनी, १,३६८ कोटी रुपयांचे. रोखे घेणं तेव्हा कायद्यानं मान्य होतं, आणि त्या कंपनीवर मी इथे काही आरोप करत नाही. पण न्यायालयाच्या आदेशामुळे लॉटरीच्या व्यवसायातून राजकीय पक्षांकडे किती पैसा गेला ते आम्ही पै-पैशासह वाचू शकलो. त्या व्यवसायात एका सोडतीला किती तिकिटं खपली, हे मात्र अजून वाचू शकत नाही. दान कळलं, मिळकत कळली नाही. जमाखर्चाची एकच बाजू दाखवणाऱ्या संस्थेला मी कधी ‘अ’ वर्ग दिला नसता.

आता विजेत्यांच्या नावांबद्दल, कारण इथे माझं मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. नावं जाहीर करू नका. मोठं बक्षीस लागलेल्या माणसाच्या दारात उसने मागणारे, नवे नातेवाईक, देणग्यांची पुस्तकं घेऊन आलेले लोक कसे जमतात, पोरांना शाळेत पाठवायचीही भीती कशी वाटते, हे आपण बातम्यांत वाचतो. एखाद्या मजुराला पन्नास लाख मिळाले आणि त्याचा फोटो, गाव, घर सगळीकडे झळकलं, तर आपण त्याला बक्षिसासोबत संकटही दिलं. आयोवाच्या पद्धतीत खरोखर ताकद आहे, हे वर मीच लिहिलं. तरीही आपल्याकडे, जिथे घराला धड कुलूपही नसतं अशा माणसाला बक्षीस लागतं, तिथे मी ती मागणार नाही. नाव झाका. पण नावामागची गोष्ट झाकू नका. दावा कोणत्या जिल्ह्यातून आला, तिकीट कोणत्या विक्रेत्याच्या क्रमांकावर नोंदलेलं होतं, दावा कितव्या दिवशी आला, दावेदार स्वतः विक्रेता, वितरक, लॉटरी खात्यातला कर्मचारी किंवा त्यांचा जवळचा नातेवाईक आहे का, आणि याच व्यक्तीनं या वर्षात याआधी किती मोठी बक्षिसं नेली. प्रत्येक दावेदाराला एक सांकेतिक क्रमांक दिला की हे सगळं नाव न सांगता सांगता येतं. माहितीचा अधिकार आणि माणसाचं खासगीपण यांच्यात भांडण लावायची गरजच नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा दाखला देऊन संपूर्ण रजिस्टरच बंद ठेवलं जाऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. साठा रजिस्टरमध्ये कुणाची खासगी माहिती नसते, आकडे असतात.

दावा न केलेल्या बक्षिसांचंही तसंच. कायद्यानं ती रक्कम सरकारची होते. मुदत निघून गेल्यावर घडी केलेलं तिकीट घेऊन धावत आलेला माणूस मी पाहिलेला आहे. मोबाइल नव्हता, पेपर वाचता येत नव्हता, कुणीतरी फार उशिरा सांगितलं. त्याच्यासारख्यांचे वर्षाला किती रुपये जमा होतात आणि ते कुठे खर्च होतात, हा एक आकडा अर्थसंकल्पासोबत छापायला काहीच लागत नाही. मुदत संपण्याआधी कोणत्या जिल्ह्यात कोणतं बक्षीस पडून आहे हे स्थानिक वर्तमानपत्रात आलं, तर त्यातली काही घरांपर्यंत पोचतीलही.

लॉटरी असावी की नसावी, या वादात मी पडत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९९ साली बी. आर. एंटरप्रायझेसच्या खटल्यात स्पष्ट म्हटलं, की राज्यानं चालवली म्हणून लॉटरीचं जुगाराचं स्वरूप जात नाही. तरीही राज्यांना ती चालवण्याची मुभा आहे आणि महाराष्ट्रानं १९६९ मध्ये आपली लॉटरी सुरू केली तेव्हा मटक्यापासून लोकांना सोडवावं हा हेतू त्यात होता. लोकांनी मटक्याच्या अड्ड्याऐवजी सरकारी तिकिटावर भरवसा ठेवला तो बोधचिन्ह बघून. मटक्याच्या चिठ्ठीचा हिशेब कुणाला मागता येत नाही. सरकारी तिकिटाचा मागता आला पाहिजे.

आमच्या वॉचमनना मी तिकीट घेऊ नका असं बरेचदा सांगितलं. ते ऐकतात आणि घेतात. महिन्याला किती जातात ते त्यांनी सांगितलेलं मला माहीत आहे. इथे लिहीत नाही. त्यांना मी त्या सकाळी एवढंच म्हणाले होते, की विचारून सांगते. अर्ज केला, नकार आला, आता प्रथम अपील केलं आहे. त्या सोडतीची तारीख आणि क्रमांक अपिलात आहेच. सगळ्या राज्यांनी सगळ्या सोडतींच्या नोंदी एकदम मांडाव्यात अशी अपेक्षा नाही. ज्यांच्याकडे माझं अपील आहे त्यांनी त्या एका सोडतीपासून सुरुवात करावी : पाच आकडे आणि पहिल्या बक्षिसाचं तिकीट विकलं गेलं होतं की नाही, याचं एका शब्दात उत्तर. ते पान मी आमच्या वॉचमनना दाखवीन.

आपली नम्र,
एक निवृत्त लेखापरीक्षक